मोरीतली मोरी

मोरी या शब्दाचे आमच्या घरात दोन अर्थ होते. एक तुमच्या-माझ्या घरातली मोरी, भांडी घासायची नि पाय धुवायची. दुसरी आमच्या मालवणी रूममेटची. त्याच्याकडे मोरी म्हणजे शार्क. मुंबईच्या बाजारात मुशी म्हणून मिळते तीच. सुट्टीत घरी गेल्यावर पहिल्या दिवशी मोरीचं मटण हाणायचं हा त्याचा नेम, आणि त्याचं वर्णन तो इतकं रंगवून करायचा की मी पक्का शाकाहारी असूनही ऐकत बसायचो. तर फेब्रुवारी २०२१ मध्ये, डॅलसजवळच्या आमच्या भाड्याच्या घराच्या माळ्यावर, डोक्याला टॉर्च बांधून आणि हातात पितळेचं बोटभर फिटिंग धरून हा प्राणी म्हणाला, "म्हणजे आता मोरीत मोरी घालायची!"

आम्ही चौघं पोट धरून हसलो. (दोन दिवस वीज नाही, नळाला पाणी नाही, झोप नाही. अशा वेळी माणूस कशावरही हसतो.)

ज्यांना विनोद कळला नाही त्यांच्यासाठी. पाण्याचे पाइप नुसते ढकलून जोडायची जी पुश-फिट फिटिंग्ज मिळतात, त्यांना अमेरिकेत सगळे सरसकट "शार्कबाइट" म्हणतात. खरं तर ते एका मूळच्या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ब्रँडचं नाव आहे, पण आपण नाही का कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणत, तसं. आमच्याकडची कुठल्या ब्रँडची होती ते सोडा. पुढे जे काही झालं त्यात दोष पूर्ण आमचा होता, आणि त्यातला मोठा वाटा माझा. हे सगळं आज उकरून काढायला एक कारण घडलंय, ते शेवटी सांगतो.

आधी ही भानगड चालते कशी ते. तुमच्या घरी आरओचं मशीन असेल तर पुश-फिट तुम्ही रोज बघता. त्या पांढऱ्या बारीक नळ्या आठवा. नळी भोकात ढकलली की बसली. काढायची तर तिथली छोटी रंगीत क्लिप काढायची, कॉलर आत दाबून धरायची आणि नळी ओढायची. घराच्या मोठ्या पाइपचं फिटिंग तत्त्वाने तेच, फक्त अंग पितळेचं. आत शिरताना आधी लागते ती कॉलर. मग स्टेनलेस स्टीलची एक चकती, जिला आतल्या बाजूला तिरके दात असतात. त्यामागे रबराची ओ-रिंग, आणि शेवटी पाइप अडावा म्हणून एक कड. दात आतल्या दिशेने तिरके, त्यामुळे पाइप आत जाताना ते वाकून वाट देतात आणि बाहेर ओढायला गेलात की रुततात. पकडायचं काम दातांचं, पाणी अडवायचं काम ओ-रिंगचं. ही दोन कामं वेगळी आहेत हे लक्षात ठेवा, माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

तांबं, पेक्स, सीपीव्हीसी, तिन्हीला चालतं. (पेक्सचा पाइप मऊ, म्हणून त्याला आतून आधार द्यायला एक प्लास्टिकची नळी असते.) आग नको, गोंद नको, पाना नको. आपल्याकडे जीआयच्या पाइपला आटे पाडून, सूत गुंडाळून, सफेदा फासून तास-तास चाललेलं काम ज्यांनी लहानपणी बघितलंय, त्यांना हे फसवणुकीइतकं सोपं वाटेल.

आता त्या फेब्रुवारीबद्दल. टेक्ससमध्ये १५ तारखेच्या पहाटे ग्रिड कोसळायला आलं म्हणून वीज कापायला सुरुवात झाली, आणि ४५ लाखांच्या वर घरं-दुकानं अंधारात गेली. १६ तारखेला डॅलसमध्ये पारा उणे १९ सेल्सियसपर्यंत उतरला. त्या वादळाने २४६ जणांचे जीव घेतले हा राज्य सरकारचा अधिकृत आकडा. आमचं नुकसान त्यापुढे काहीच नाही. पण तिथली घरं थंडीसाठी बांधलेलीच नसतात, पाण्याचे पाइप बिनधास्त माळ्यावरून नेलेले असतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकतो. गंमत अशी की पाइप बहुतेक वेळा बर्फ धरलेल्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप तिथे कुठेतरी फाटतो. आणि फाटलेला कळतो केव्हा, तर बर्फ वितळल्यावर. म्हणजे ऊन पडलं, हायसं वाटलं, की छतातून धार!

आमच्याकडे अशा दोन धारा लागल्या. मेन व्हॉल्व्ह बंद केला. प्लंबरला फोन लावला तर आठ दिवसांनंतरची तारीख. (परराज्यातल्या प्लंबरना काम करू द्यावं म्हणून सरकारला नियम सैल करावे लागले होते, इतकी बोंब होती.) घरमालक अंकल ह्यूस्टनमध्ये स्वतःच्याच घरातलं पाणी उपसत होते, म्हणाले, "बाबांनो, जमेल ते करा." दुकानात अर्ध्या इंचाची कपलिंग्ज संपलेली, नुसते रिकामे हूक लटकत होते. शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने स्वतःसाठी घेऊन ठेवलेली पाच दिली. दोन ठिकाणी पाइप फाटलेला, प्रत्येक ठिकाणी खराब भाग कापून नवा तुकडा घालायचा, म्हणजे चार कपलिंग्ज. एक शिल्लक. आम्हाला अगदी श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

तांब्याच्या पाइपचा खरा, मान्यवर जोड म्हणजे सोल्डरिंग. फ्लक्स लावायचा, टॉर्चने तापवायचं, सोल्डर आत ओढली जाते. पण पाइपमध्ये थेंबभर जरी पाणी झिरपत राहिलं तरी ते तापतच नाही. जुने प्लंबर यावर पांढऱ्या ब्रेडचा बोळा पाइपमध्ये कोंबायचे, तो पाणी शोषतो आणि नंतर विरघळून निघून जातो. भारी युक्ती आहे. पण इन्सुलेशनच्या कापसाने भरलेल्या लाकडी माळ्यावर, आयुष्यात फर्स्ट इयरच्या वर्कशॉपपलीकडे काही न केलेल्या चार कॉम्प्युटर इंजिनिअरांनी ज्योत घेऊन चढणं? फायर ब्रिगेडकडे तेव्हा आणखी कामं होती.

म्हणून, पुश-फिटला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं पहिलं भांडण इथे आहे. तिकडे मुरलेले प्लंबर याला हौशी लोकांचं खेळणं म्हणतात. ज्याला सोल्डर येत नाही त्याने घालावं, भिंतीच्या आत तर कधीच नको, वगैरे. वस्तुस्थिती अशी की यासाठी रीतसर स्टँडर्ड आहे, एएसएसई १०६१. त्यात पास झालेली चांगली फिटिंग्ज २०० पीएसआय दाबासाठी बनवलेली असतात. घरातला दाब कोडनुसार ८० पीएसआयच्या वर जाऊच द्यायचा नसतो. झाकलेल्या जागी वापरायलाही त्यांना मान्यता असते. मग "खेळणं" हा निवाडा कुठून आला? मला वाटतं, सोपं म्हणजे हलकं, या समजुतीतून. आमच्या धंद्यातही हे आहेच. कमांड लाइनवाले माऊसवाल्यांना हसतात.

आणि इथे शार्क येतो. कारण हा असाच सरसकट निवाडा आपण त्या बिचाऱ्या माशावरही लावतो. शार्क म्हटलं की १९७५ चा "जॉज", आणि पाण्यातून वर येणारा तो एकच त्रिकोणी दातांचा जबडा. ज्या कादंबरीवरून तो सिनेमा निघाला तिचा लेखक पीटर बेंचली पुढे शार्क वाचवायच्या कामात पडला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. शार्कच्या ५०० हून जास्त जाती आहेत. २०२४ मध्ये जगभरात कुणी खोडी न काढता शार्क माणसाला चावल्याच्या ४७ नोंदी आहेत, त्यात मेले ४. उलट बाजूने माणूस वर्षाला निदान ८ कोटी शार्क मारतो. (आमचा मालवणी याला "माझा त्यात वाटा किरकोळ" म्हणाला. असो.)

माळ्यावरच्या त्या रात्रीनंतर मला नाद लागला की या फिटिंगचा चावा नेमका कुठल्या शार्कचा? तर तो "जॉज"वाला ग्रेट व्हाइट नक्कीच नाही. त्याचे दात रुंद, त्रिकोणी, कडेला करवतीसारखे. ते पकडून ठेवायचे नाहीत, कापायचे आहेत. टायगर शार्कचे दात कोंबड्याच्या तुऱ्यासारखे वाकडे, कासवाचं कवचसुद्धा कापतात. पाइपच्या बाबतीत दोन्ही निकामी. पकडणारे दात म्हणजे माको किंवा सँड टायगर यांचे, लांब, बारीक, आत वळलेले. निसटणारा मासा एकदा आत गेला की धडपडीने आणखी रुततो. स्टीलच्या चकतीचं तत्त्व हुबेहूब हेच.

पण हे अर्धंच झालं. दातांनी नुसतं पकडलं जातं, पाणी अडत नाही. ओ-रिंगवाला शार्क कुठला? तर तोही आहे. त्याचं नाव कुकीकटर, लांबी जेमतेम हातभर. हा देवमाशाला, ट्यूनाला जाऊन चिकटतो. जाड ओठांनी गच्च सील करतो, वरच्या बारीक दातांनी नांगर टाकतो, आणि खालच्या मोठ्या दातांनी कापत गोल फिरतो. बाहेर पडतो तो मांसाचा गोल तुकडा, साच्याने बिस्किट पाडावं तसा. १९७० च्या दशकात याने अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरच्या सोनारची रबरी आवरणं कुरतडून ठेवली होती! सील वेगळं, पकड वेगळी, आणि वर अंगाभोवती फिरणं. पुश-फिट फिटिंगही पाइपवर बसल्यावर गोल फिरतं, त्याने काही बिघडत नाही. माझ्या मते या फिटिंगच्या खोक्यावर चित्र याचंच हवं. पण हातभर माशाच्या चित्रावर माल खपत नाही.

बाकीच्यांचं काय सांगावं. पोर्ट जॅक्सन शार्कला पुढे टोकदार आणि मागे दाढांसारखे चपटे दात, शिंपले फोडायला. बॉनेटहेड नावाचा छोटा हॅमरहेड समुद्री गवत खातो आणि ते पचवतोसुद्धा, हे २०१८ मध्ये सिद्ध झालं. (शाकाहारी शार्क! माझी मान ताठ.) आणि सगळ्यांत मोठा व्हेल शार्क दातांचा उपयोगच करत नाही, तोंड उघडून पाणी गाळतो. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची बेसुमार शिकार व्हायची, २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातलं. अकरावीच्या जीवशास्त्रात वाचलेला स्कोलिओडॉन आठवतोय? मुंबईच्या बाजारात मुशी म्हणून वाट्यावर मिळतो तो बहुतेक वेळा हाच. ज्याला आपण वाट्यावर विकत घेतो त्यालाच सिनेमात घाबरतो.

असो, माळ्यावर परत. कारण नाकं मुरडणाऱ्यांशी भांडलो, तरी दुसऱ्या बाजूशीही माझं भांडण आहे, म्हणजे "ढकललं की झालं" म्हणणाऱ्यांशी. मी स्वतः त्या रात्री त्यांच्यातलाच होतो.

पहिल्या ठिकाणी मी हॅकसॉने पाइप कापला. कापलेल्या तोंडाला धातूची धारदार कड राहते, वर्कशॉपमध्ये सर जिला बर म्हणायचे आणि ती न घासता जॉब दाखवला तर परत पाठवायचे. मी नाही घासली. अंधार होता, थंडी होती, घाई होती. दोन्ही कपलिंग्ज घातली, ओढून बघितली, घट्ट. खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडला, तर एका कपलिंगमधून फवारा. बरने ओ-रिंग चिरली होती. ते गेलं वाया. आमची श्रीमंती संपली.

तेव्हा कुठे पाकिटातला कागद वाचला. कापा सरळ. कड घासा. आणि पाइप किती आत जायला हवा (अर्ध्या इंचाच्या पाइपला साधारण एक इंच) ती खूण आधी पाइपवर मार्करने करा. मग खूण कॉलरला टेकेपर्यंत ढकला. उरलेली तीन कपलिंग्ज आम्ही अशी, शहाण्या मुलांसारखी घातली. व्हॉल्व्ह उघडला. कोरडं ठक्क. मालवणीने माळ्यावरच नाच केला आणि एक पाय जवळजवळ छतातून खाली घातला.

पण पहिल्या ठिकाणचं दुसरं कपलिंग? जे बिन-खुणेचं घातलं होतं पण गळत नव्हतं? ते आम्ही तसंच ठेवलं. मी तसंच ठेवलं. बाकीचे विचारत होते, मी म्हणालो, "चालतंय ना, मग हात लावू नका." प्रॉडक्शनमध्ये चालणाऱ्या कोडला हात लावायचा नाही, ही आपली सवय.

आता वर सांगितलेलं आठवा. आत जाताना दात आधी लागतात, ओ-रिंग नंतर. म्हणजे पाइप दातांच्या पुढे गेला पण शेवटपर्यंत गेला नाही, तर ओढून बघितलं तरी तो निघत नाही. ओ-रिंगला जेमतेम टेकला असेल तर पाणीही गळत नाही. दोन्ही परीक्षांत पास. चुकीचं इनपुट दिलं तरी "सक्सेस" परत करणारं फंक्शन असतं ना, तसं. मग टेक्ससच्या उन्हाळ्यात माळा भाजून निघतो, हिवाळ्यात गारठतो, पाइप लांबतो, आखडतो. केव्हातरी ओ-रिंगवरून सरकतो. केव्हा, ते कुणी सांगू शकत नाही.

पुश-फिटवर माझा खरा आक्षेप हाच आहे, आणि "हौशी लोकांचं खेळणं" म्हणणारे नेमका तोच सोडून बाकी सगळं बोलतात. सोपेपणा हा दोष नाही. चुकलेला जोड बरोबर जोडासारखाच दिसतो, हा दोष आहे. आणि हे टाळता येत नाही असंही नाही. मशीनने दाबून बसवायची प्रेस फिटिंग्ज असतात, त्यांतल्या काहींची रचना मुद्दाम अशी असते की दाबायला विसरलात तर टेस्टिंगला तो जोड गळालाच पाहिजे. चूक झाली तर ओरडून सांगणारा जोड! कुणा इंजिनिअरने बसून हे डिझाइन केलंय, त्याला माझा दंडवत. साध्या पुश-फिटमध्ये ओरडायचं काम त्या मार्करच्या रेघेवर सोडलेलं आहे. रेघ कॉलरला टेकलेली दिसली की कुणीही, दहा वर्षांनी येणारा माणूससुद्धा, टॉर्च मारून सांगेल की जोड पूर्ण बसलाय. रेघ नसेल तर जोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून माझं मत विचाराल तर, भिंतीत घाला, माळ्यावर घाला, खुशाल घाला. पण रेघेशिवायचा जोड झाकून टाकणं ही बेईमानी आहे. प्लंबरने केली तरी, आणि आपल्यासारख्याने अडीअडचणीत केली तरी.

आता ते कारण. यंदा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एक नाशिकचं जोडपं भेटलं. नवरा आमच्याच धंद्यातला, बायकोच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. कुठे राहता, काय, गप्पा सुरू झाल्या. रस्त्याचं नाव ऐकून कान टवकारले. घर नंबर ऐकला. आमचंच घर. मी हसून म्हणालो, "अहो, मागची खोली माझी होती." तर त्या म्हणाल्या, "हो का! तिथेच पाळणा लावलाय बाळाचा."

मागच्या खोलीच्या वरच पहिली धार लागली होती.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. मोदक खाऊन घरी आलो. दोन दिवस स्वतःशी हिशेब मांडत बसलो, की चार वर्षांहून जास्त टिकलंय, आता काय होणार, उगाच लोकांना घाबरवायचं कशाला. शेवटी मालवणीला फोन केला. तो आता सिअॅटलला असतो. म्हणालो, ते पहिलं कपलिंग आठवतंय? तो क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, "तुलाही आठवतंय होय." म्हणजे तोही विसरला नव्हता. चार वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी यावर चकार शब्द बोललो नव्हतो.

मग अंकलना फोन केला, खरं काय ते सांगितलं. त्यांना राग आला, यायलाच हवा होता. म्हणाले, आधी बघून ये, मग मी प्लंबर पाठवतो. नाशिककरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, इतकी वर्षं काही झालं नाही ना, मग कशाला त्रास घेता?" मी म्हणालो, त्रास नाही, मला झोप येत नाहीये.

काल शनिवारी गेलो. पाळणा बाहेरच्या खोलीत हलवायला लावला, मेन व्हॉल्व्ह बंद केला, नळ उघडून दाब काढला आणि माळ्यावर चढलो. इन्सुलेशनचा कापूस बाजूला केला. कपलिंग होतं तिथेच होतं, वर धूळ, अगदी कोरडं, दिसायला बाकीच्या तिघांसारखंच. फक्त त्यांच्या पाइपवर काळी रेघ, याच्यावर नाही. मी कॉलरच्या काठाशी मार्करने रेघ मारली, एका हाताने कपलिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने पाइप जोर लावून आत ढकलला.

रेघ पाव इंच आत गेली.